नाळ कुठं पुरायची

२१ जानेवारी २०२५, मंगळवार. चाकूर

भांड्यांच्या दुकानाचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात लीलाचा फोन. तिकडं मिनेसोटात रात्र. पोरीचा आवाज नेहमीसारखा नव्हता. म्हटलं, दुखतंय का गं? "नाही आई, बाळ मजेत हाय. बातमी बघितलीस का?"

बघितली मग. तिकडच्या नव्या अध्यक्षांनी खुर्चीवर बसल्या दिवशीच हुकूम काढला. आईबाप दोघं नुसते कामाच्या व्हिसावर असतील, तर तिथं जन्मलेलं लेकरू तिथलं नागरिक धरायचं नाही. महिनाभरानं जन्मणाऱ्या लेकरांना लागू. लीलाची तारीख फेब्रुवारीच्या शेवटी.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मी तर बाळंतिणीची खोली रंगवून ठेवली होती. "इकडं आले तर परत जायचा शिक्का मिळतो का नाही, भरोसा नाही," म्हणून पोरगी तिथंच राहिली. आता तिथं राहिली तर हे. इकडं आड, तिकडं विहीर.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बघू." आग लागली तरी ह्यांचं 'बघू'च.

२४ जाने.

तिकडच्या एका न्यायाधीशानं हुकूम थांबवला. तात्पुरता. घटनेच्या सरळ विरोधात हाय म्हणे. देव पावला. पण 'तात्पुरता' ह्या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या गल्लीतली तात्पुरती पाइपलाइन मी नवरी म्हणून आले तेव्हापासून हाय.

वाचनालयातून अमेरिकेच्या इतिहासाचं जाड पुस्तक आणलं. उदगीरला बी.ए.ला इतिहासच होता माझा. लग्न झालं आणि इतिहास संपला, कुकर-पातेली सुरू. आता गल्ल्यावर बसून वाचून राहिले. हे म्हणतात, "गिऱ्हाईक परात मागून राहिलंय आणि तू बोस्टनच्या बंदरात." खरंच तिथं होते. चहाच्या पेट्या पाण्यात फेकून राहिले होते ते लोक. चहावरून राज्य घालवलं बघा इंग्रजांनी.

२६ जाने.

शाळेत झेंडावंदन. मामंजींना हट्टानं यायचंच होतं, ऑटोत बसवून नेलं. सासरे नव्वदीला टेकलेत, पण टोपी कडक इस्त्रीची.

पोरांनी उद्देशिका म्हटली. 'आम्ही भारताचे लोक' आलं आणि मला वाटलं, त्यांचीबी घटना अशीच 'आम्ही लोक'पासून सुरू होते. पण तेव्हा त्या 'आम्ही'त गुलाम नव्हते, बायका नव्हत्या, तिथले मूळचे लोक नव्हते. दार हळूहळू उघडत गेलं. एकेकानं धक्का मारून उघडलं, आपोआप नाही.

येताना जिलेबी. मामंजींना साखर मना हाय, तरी दोन खाल्ल्या. मी बघितलंच नाही.

३० जाने.

उदगीरहून विहीणबाई आल्या. बाई प्रेमळ, पण आल्या आल्या सुरू. "अहो, एवढी फिकीर कामून करता? हुकमाच्या तारखेच्या आधी सिझर करून घ्यायचं. आपल्याकडं लोक मुहूर्त काढून करतातच की." तिकडं बऱ्याच आपल्या पोरी असंच विचारून राहिल्यात म्हणे, पेपरातबी आलंय.

मला पटलं. काय करू, पटलं! दुपारी स्वामींकडं गेले. आपल्या मठातले स्वामी, लीलाच्या गळ्यात इष्टलिंग त्यांनीच बांधलेलं. त्यांनी पंचांग बघून मुहूर्त दिला. सतरा फेब्रुवारी, सकाळी दहाच्या पुढं. एकदम उत्तम योग.

घरी येऊन ह्यांना दाखवला. हे चष्मा पुसत म्हणाले, "सकाळी दहा कुठले? इथले का तिथले? इथं दहा वाजतात तेव्हा तिथं आदल्या रात्रीचे साडेदहा."

आता हे स्वामींना कुठं माहीत आणि मला तरी कुठं सुचलं.

२ फेब्रु.

लीलाला सांगितलं. हाय रे देवा. असली भडकली!

"आई, माझं पोट म्हणजे तुझ्या दुकानातला कुकर हाय का? शिट्टी झाली की उघडायचा? डॉक्टर म्हणतात सगळं नीट हाय, आधी काढायची गरज नाही. बाळाचं फुफ्फुस पुरं होऊ दे, की कागद आधी?"

मी म्हटलं, तुझ्या सासूनंच... तर म्हणाली, "त्यांना मी सांगते. तू तरी माझ्या बाजूनं बोल." आणि फोन ठेवला.

दिवसभर तोंडात घास गोड लागला नाही. पोरगी खरं बोलली. मी तिची आई, आणि कागदाला घाबरून लेकराला घाई करून राहिले. मुहूर्ताची चिठ्ठी देवघरात ठेवली होती, ती काढून चुलीत घातली. स्वामींना काही सांगायचं नाही.

६ फेब्रु.

दुसऱ्या कोर्टानं पण हुकूम थांबवला, साऱ्या देशासाठी. चांगली बातमी. त्याच पानावर वाईट बातमी. काल अमृतसरला विमान उतरलं. चोरवाटेनं गेलेली आपली माणसं परत पाठवली, हातापायांत बेड्या घालून. कायदा मोडला तर परत पाठवा, पण बेड्या? फोटोतल्या एका पोराचं तोंड आमच्या किराणावाल्याच्या लेकासारखं. पेपर उलटा करून ठेवला.

लीला बोलली, पण तुटक. "जेवलीस का?" "हो." एवढंच.

१२ फेब्रु.

पुस्तकात आज जे सापडलं, ते लीलाला सांगायलाच पाहिजे होतं. तिच्याच मिनेसोटातलं.

एक गुलाम होता. मालकानं त्याला तिकडच्या किल्ल्यावर नेलं, जिथं गुलामी नव्हतीच. तिथं त्याचं लग्न झालं. पुढं मालकासोबत परत गुलामीच्या मुलखात. तो माणूस कोर्टात गेला, म्हणाला, मी मोकळ्या जमिनीवर राहिलो, मी मोकळा, माझी बायको-लेकरंबी मोकळी. वरच्या कोर्टानं सांगितलं, काळा माणूस ह्या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. हरला बिचारा.

पण थांबा. त्यावरून एवढं पेटलं की पुढं देशातल्या देशातच युद्ध. युद्धानंतर घटनेत वाक्य घातलं, इथं जन्मला तो इथला नागरिक. म्हणजे आज ज्या वाक्यावर भांडण चाललंय, ते त्या हरलेल्या माणसामुळं आलं. पुढं एक चिनी दुकानदाराचा पोरगा, स्वतः स्वयंपाकी. तिथंच जन्मलेला. आईबापाच्या मुलखात जाऊन परत आला तर बंदरावरच अडवला. तोबी कोर्टात गेला, आणि जिंकला!

त्या गुलामाची थोरली पोर नदीतल्या बोटीवर जन्मली होती. वाचताना मनात आलं, नाळ कुठं पुरली असेल त्या माउलीनं?

लीलाला फोनवर सगळं सांगितलं. ऐकत राहिली. मग म्हणाली, "तो किल्ला आमच्यापासून जवळ हाय, आई. मी गेलेच नाही कधी." मग स्वतःहून, "डिंकाचे लाडू पोचले. दोन खाल्ले."

सुटले एकदाची.

२० फेब्रु.

हुकूम लागू व्हायची तारीख आली नि गेली. कोर्टानं बांधून ठेवलाय. काही झालं नाही. दुकानात तीन कळश्या गेल्या, एक घंगाळ.

रात्री मामंजी सहज बोलले. त्यांचे वडील सोलापूरकडून इकडं आले, म्हणून निजामाच्या जमान्यात ते गैरमुल्की, म्हणजे बाहेरचे. "शाळेत एक पोरगा मलाबी गैरमुल्की म्हणायचा. मी म्हटलं, माझी नाळ ह्या दुकानाच्या मागं पुरलीय, ये उकरून बघ. पुन्हा बोलला न्हाई."

त्यांचं हसू बघून मीबी हसले. पण लहानपणीची ती गोष्ट त्यांना अजून आठवते, म्हणजे टोचलीच असणार.

२७ फेब्रु.

पोरगी झाली! सकाळी साडेसातला जावईबापूंचा फोन. दोघी सुखरूप. सिझर नाही, काही नाही. काळंभोर जावळ.

काल महाशिवरात्र. मी म्हटलं, एका दिवसानं चुकली शिवरात्र. लीला दमलेल्या आवाजात म्हणते, "आई, इथं अजून सव्वीसच हाय. शिवरात्रच हाय." हे म्हणाले, तारीख तिथलीच धरायची, जन्म तिथं झालाय. ह्यांचं पहिल्यांदा 'बघू' सोडून ठाम काहीतरी.

साऱ्या गल्लीत पेढे. मामंजी एक तोंडात, एक खिशात. रडले थोडे. मीबी रडले, आणि रंगवलेल्या खोलीत जाऊन रडले. रिकामा पाळणा तिथंच उभा हाय.

८ मार्च

नाळ गळून पडली. लीलानं डबीत ठेवलीय. म्हणाली, "तुझ्यासाठी पाठवू का? इथून एक मैत्रीण लातूरला येणार हाय."

माझा जीव सुपाएवढा झाला! हेच तर मनात होतं, बोलायची हिंमत नव्हती. दुकानाच्या मागं, मामंजींच्या नाळेशेजारी जागा पण बघून ठेवली होती. लेकरू दूर, पण नाळ तरी आपल्या मातीत. म्हटलं, पाठव पाठव. परत म्हणते, "नाहीतर अर्धी इथं, अर्धी तिथं?" म्हटलं, नाळ म्हणजे काय भाकर हाय व्हय गं अर्धी करायला!

९ मार्च

मामंजींना जागा दाखवायला नेलं. काठीनं माती टोकरून बघितली.

"महानंदा, माझी हितं पुरली म्हणून मी हितला. तिची हितं आणून पुरलीस, तर तिथं ती गैरमुल्की व्हईल की गं."

मी म्हटलं, मामंजी, कायदा नाळ बघत नाही.

"कायद्याचं सोड. पोरीला उद्या कुणी म्हटलं, तू भायेरची, तर ती काय म्हणंल? चाकूरला ये, उकरून बघ?"

राग आला, खोटं कामून बोलू. माझ्या वाट्याला तेवढंच येणार होतं. भांडी आपटली दोन-चार. संध्याकाळी परत तिथं जाऊन बघितलं. जागा चांगली होती.

मग लीलाला फोन केला. म्हटलं, पाठवू नकोस. तिथंच पुर.

लीला म्हणाली, "आई, तू खरंच?" म्हटलं, हाव. पण कुंडीत नको. घर बदललं की कुंडी हलते. जमिनीत पुर.

"जमीन दगडासारखी हाय, आई. बर्फ हाय. कुदळ जायची नाही."

मग थांब म्हटलं. वितळला की पुर.

१४ मार्च, धुळवड

तिकडचं सरकार सगळ्यात वरच्या कोर्टात गेलंय. काय होतंय काय की. पुस्तक वाचून एवढंच कळलं, तिथं एका फटक्यात काही होत नाही, आणि एका फटक्यात काही संपतबी नाही. हरलेला माणूससुद्धा वाया जात नाही.

ग्रंथपालाचा निरोप आला, पुस्तक परत करा. अजून चंद्रावर पोचायची हाय मी. मुदत वाढवून घेतली.

१६ मार्च

व्हिडिओवर पोरगी जांभई देताना दाखवली. गळ्यात स्वामींनी दिलेलं, मी लाडवांसोबत पाठवलेलं लिंग, इवल्याशा दोऱ्यात. मागं खिडकीत ती डबी. लीलानं बिल्डिंगसमोरचं झाड ठरवलंय, घरमालकीण म्हातारीला विचारून. म्हातारी म्हणाली म्हणे, माझ्या आजीनं पण असंच काहीतरी केलं होतं, ती नॉर्वेहून आली होती.

मामंजी फोनजवळ तोंड नेऊन ओरडले, "बर्फाचं काय गं?"

"वितळून राहिलाय, आजोबा. हळूहळू."