मला टोचून झालंय

प्रिय ठमाबाई,

तू आता सासू व्हायला आलीस, तरी मी तुला ठमाबाईच म्हणणार. पत्र बघून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनवर बोललो असतो, पण मी फोन घेऊन अंगणात गेलो की अप्पांचे कान जास्तच लांब होतात. शिवाय बोलताना मला मुद्दा सापडत नाही. लिहिताना हात रंध्यासारखा चालतो. सालपटं निघता निघता खालचं लाकूड दिसायला लागतं.

मागच्या थंडीत अप्पांना न्यूमोनिया झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं, ते तुला माहीत आहेच. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढच्या थंडीआधी लस घ्यायचीच, ही छाती आणखी एक तडाखा सोसणार नाही. आता थंडी दारात आली आहे आणि अप्पा काही केल्या दंड पुढे करत नाहीत. मला राग येत नाही गं, नवल वाटतं. लाकूड कोरताना पटाशी तळहातात घुसली तेव्हा टाका तिरका पडतोय म्हणून डॉक्टरलाच सुनावणारा माणूस सुईला कसा भिईल?

तुझ्या वहिनीने गोडीगुलाबीने घेऊन पाहिलं. तर म्हणाले, सूनबाई, तू एवढं गोड बोलतेस म्हणजे नक्की काहीतरी टोचणार. शेजारचे मास्तर बाही वर करून दंड दाखवून गेले, हे बघा, मला काही झालं नाही. अप्पा म्हणाले, मास्तर, तुम्हाला कधी काही होतच नाही, हेच तर तुमचं आयुष्यभराचं दुखणं आहे. माझं ते ऐकतील अशी आशा मी धरलीच नव्हती. पन्नाशीला आलो तरी माझ्या हातात करवत दिसली की ते डोळे मिटून घेतात.

शेवटी नर्सबाईच घरी आल्या. थकलेल्या माणसांना त्या घरी जाऊन लस देतात. अप्पांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि शांतपणे सांगितलं, बाई, मला टोचून झालंय. कधी, म्हणून विचारलं तर म्हणाले, आमची ही गेली ना, त्याच आठवड्यात. मी चक्रावलो. त्या आठवड्यात लस घेतली होती ती आईने. अप्पा तिला घेऊन गेले होते खरे, पण त्यांच्याच अंगात ताप निघाला म्हणून त्यांना न टोचता परत पाठवलं होतं. नर्सबाई निघताना दारात हळूच म्हणाल्या, विसरायला लागलेत का हो?

मग मी आडून आडून त्यांची परीक्षा घेत राहिलो. कुणाच्या कपाटाचं दार दमट हवेत अडकतं, कुणी सागाचे म्हणून आंब्याचे पाय लावून घेतले, सगळं त्यांना तोंडपाठ. विसरणं तर नाही. मग हे काय?

परवा आपल्या सुतारकामाच्या दुकानात ते एका डुगडुगणाऱ्या खुर्चीचा पाय घासत बसले होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, अप्पा, कुठल्या हाताला टोचलं होतं तुम्हाला? त्यांनी पॉलिश पेपरची नवी घडी घातली. मग म्हणाले, हाताला नाही रे. आणि त्यांनी तुझी आठवण काढली. आम्ही आईला स्मशानात पोचवून आलो आणि तू प्रवासातून तशीच धावत घरात शिरलीस, तेव्हा पहिलं वाक्य बोललीस, अप्पा, कशाला नेलंत तिला टोचायला? अप्पा म्हणाले, पोरीने एकदाच टोचलं, पण आरपार.

मी म्हटलं, अहो, ती भान नसताना बोलली. आईचं हृदय किती वर्षं थकलेलं होतं, लसीचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी आपल्याला समोर बसवून सांगितलं. तर म्हणाले, मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे. तिला ठाऊक आहे का? मी आता दंड उघडा करून बसलो तर तिला काय वाटेल? आईला घालवलं आणि म्हातारा स्वतःचा जीव जपतोय. एवढं बोलून पुन्हा घासायला लागले. तो पाय केव्हाच गुळगुळीत झाला होता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच घोळतं आहे. डॉक्टर, मास्तर, सून, मुलगा, इतक्या जणांचं बोलणं वाऱ्यावर जातं आणि हुंदक्यात निसटलेलं एक वाक्य माणूस इतकी वर्षं छातीशी धरून बसतो, हे कसं? डोळे मिटून देवापुढे बसलो तरी हाच प्रश्न. देव नेहमीसारखा गप्प. त्याने गप्प राहून काम मलाच सांगितलं, असं मी समजलो.

म्हणून हे पत्र. तुला ते वाक्य आठवतही नसेल, आणि मी ते दोष म्हणून सांगत नाही. आई गेल्यावर लेकीने काय बोलावं हे कोण ठरवणार? लस घ्या असं तू अप्पांना अजिबात सांगू नकोस, सांगणारे आम्ही पुष्कळ आहोत. रविवारी फोन केलास की फक्त आईचा विषय काढ. ती गेली त्यात तुमचा काही हात नव्हता, एवढं तुझ्या तोंडून त्यांच्या कानावर पडू दे. पण मनापासून वाटत असेल तरच. खोटा सांधा त्यांना बोटाने कळतो. तुझ्या मनात अजून किंतु असेल तर आधी मला लिही, मी पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन बसेन आणि शब्दन् शब्द तुला कळवीन. पुढे अप्पा काय करतील ते देव जाणे. नर्सबाई महिनाअखेरीला पुन्हा आमच्या गल्लीत येणार आहेत. आमचं दार चुकवू नका, एवढं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

उत्तराची नाही, तुझ्या फोनची वाट पाहणारा,
तुझाच
दादा