एक काळं बटण

७ सप्टेंबर, रविवार

सांगून टाकलं एकदाचं! चर्चमधला माझा उपदेश संपला होता, शेवटचं गीत बाकी होतं. म्हटलं, ऑक्टोबरअखेर मी निवृत्त होतोय. वरच्या ऑफिसने एक नवीन पाळक सुचवली आहे, बाई आहे. पुढच्या रविवारपासून ती येईल. १२ ऑक्टोबरला तुम्ही मत द्यायचं, ती हवी की नको. नको म्हणालात तर एवढ्याशा मंडळीला दुसरं कुणी मिळणार नाही. आपल्याला मोठ्या चर्चमध्ये सामील करतील आणि या दाराला कुलूप लागेल.

लोक रडतील, मलाही रडू येईल, अशी सगळी तयारी मनाने केली होती. कसलं काय! सुतारकाकांनी हात वर केला. हे आमच्या पंच कमिटीचे अध्यक्ष, बोलणं करवतीसारखं. म्हणाले, "मग तो बिघडलेला स्पीकर तुम्ही बघणार की नव्या बाई?"

एकतीस वर्षं पाळक आहे मी इथे. आणि स्पीकर!

घरी आल्यावर हिला म्हटलं, पाहिलंस? ही म्हणाली, "स्पीकर खरंच बिघडलाय."

८ सप्टेंबर

रडत बसणारा मी नाही. कामाला लागलो. मंडळीची तयारी करून घ्यायची म्हणजे नीट करून घ्यायची. किल्ल्या कुणाकडे, आजाऱ्यांना भेटायला कोण जाणार, सगळं ठरवलं. ऑर्गन आजवर हीच वाजवते, तर तिने मंडळीतल्या शिंपीणबाईंच्या मुलीला शिकवायचं. (हिला सांगायचं राहिलं. सांगीन.) प्रत्येकाच्या घरी जाऊन बोलणार, मनात काय आहे ते विचारणार. बदल म्हटला की माणसं बिचकतात. त्यांना कुणीतरी विचारावं लागतं.

नियमाप्रमाणे जुन्या पाळकाने वर्षभर या चर्चमध्ये पाऊल ठेवायचं नाही. नव्याचा जम बसावा म्हणून. नियम शहाणपणाचा आहे. दुसऱ्यांसाठी तर फारच. पाळकाचं घरही सोडायचं, म्हणजे आम्ही मुलीच्या गावी जाणार. ही तर केव्हाच तयार आहे, सकाळीच माळ्यावरून खोकी काढली. या बाबतीत माझं नशीब थोर.

१४ सप्टेंबर, रविवार

आली! वय तिशीच्या पुढे, आधी नर्स होती, आवाज खणखणीत. नवरा बस चालवतो. स्पीकरची गरजच पडणार नाही असं सुतारकाकांना मुद्दाम ऐकवलं.

भक्तीनंतर मागच्या खोलीत चहा. आणि तिथे पेच! नव्या बाईंना म्हणायचं काय? पाळकीण म्हणावं तर पाळकीण म्हणजे पाळकाची बायको, आणि ती जागा एकतीस वर्षं भरलेली. आमच्या मंडळीतले हेडमास्तर रिटायर झाले तरी वर्गातच असतात. त्यांनी विचारलं, मग हिच्या नवऱ्याला काय म्हणायचं? पाळका? बिचारा ड्रायव्हर बिस्किट तोंडात धरून बसला होता. शेवटी शिंपीणबाईंनी निकाल लावला, "ताई म्हणा. पाळकताई." सगळ्यांना पटलं.

ही कपबशा गोळा करत होती. म्हणाली, "आणि आता मी कोण?"

काय हशा पिकला! हजरजबाबी आहे आमची ही.

२१ सप्टेंबर, रविवार

शोभा झाली. लिहितो, कारण लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

ताईचा पहिला उपदेश. मी पहिल्या बाकावर, चेहऱ्यावर प्रोत्साहन. आता माझी एक सवय आहे, "उभे राहू या" म्हणायच्या आधी मी घसा साफ करतो. मला हे माहीत नव्हतं. मंडळीला मात्र चांगलंच माहीत आहे. ताई हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होती, छान रंगली होती. मला खोकला आला. आणि अख्खी मंडळी उभी!

ताई थांबली. लोक एकमेकांकडे बघत बसले खाली. मेंढरू परत शोधायला लागले. मी खोकला दाबला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कान गरम झाले. किती दाबणार? खोकलो. पुन्हा सगळे उभे! तिसऱ्या वेळी सुतारकाका बसलेच नाहीत. म्हणाले, "गुडघे माझे आहेत. एकदाच काय ते ठरवा."

ताईने शांतपणे सांगितलं, "बसा सगळे. आता मी सांगेन तेव्हाच उठायचं. आणि पाळकसाहेबांना कुणीतरी पाणी द्या." अशी हसली मंडळी! माझ्या विनोदांना ती इतक्या वर्षांत तशी हसलेली नाही.

२३ सप्टेंबर

खोकला बरा. अहंकार अजून दुखतोय.

२८ सप्टेंबर, रविवार

शहाणा झालो, शेवटच्या बाकावर बसलो. उपयोग शून्य. ताई काही बोलली की माना मागे वळतात, मी मान डोलावतोय का बघायला. ती गमतीचं बोलली, तर आधी माझ्याकडे बघून घेतलं आणि मग हसले. खांबाआड सरकलो. तर हेडमास्तर बाकावरून इतके वाकले की पडता पडता वाचले.

भक्तीनंतर ताई माझ्याकडे आली. "रागावणार नसाल तर एक सांगू? तुमचा चेहरा माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतो." मतदान होईपर्यंत रविवारी येऊ नका, अशी विनंती. मी म्हटलं, वा, अगदी योग्य. मोठ्या मनाने म्हटलं. घरी येऊन कपाट लावलं, ते जरा जोरात लागलं.

"बरोबर बोलली ती," ही म्हणाली. वर्तमानपत्राच्या कागदात कप गुंडाळत होती.

"तुला काय, तू सुटलीस," मी म्हटलं.

तिने हातातला कप खाली ठेवला. संध्याकाळी बघतो तर तेच कप पुन्हा फळीवर! म्हटलं, हे काय? म्हणाली, "लागतात अजून." दोन माणसांना किती कप लागतात, देव जाणे.

३ ऑक्टोबर

घरभेटी चालू. आज हेडमास्तरांकडे. तुम्ही गेल्यावर आमचं कसं होईल हो, असं त्यांनी विचारावं म्हणून मी बोलणं चार वेळा त्या वळणावर नेलं. चौथ्यांदा त्यांच्या लक्षात आलं. "फार जड जाईल," म्हणाले, आणि घड्याळ बघितलं. निघताना धीरही दिला, "काळजी करू नका, महिन्याभरात सवय होईल आम्हाला."

ही आजकाल दुपारी तासन्‌तास ऑर्गनवर असते. विचारलं, शिंपीणबाईंची मुलगी शिकतेय का? म्हणाली, "ती उद्या येणार आहे. आज माझं मीच वाजवतेय."

५ ऑक्टोबर, रविवार

चर्च बारा पावलांवर आणि मी स्वयंपाकघरात! ही ऑर्गनसाठी गेली. मी खिडकीला कान लावून उभा. शब्द एक कळत नाही, फक्त मधूनमधून हसू ऐकू येतं. हसण्यासारखं काय आहे एवढं? पाप, पश्चात्ताप, मरण, हे विषय आहेत आमचे. तेवढ्यात मागे दूध उतू गेलं. पुसून टाकलं, तरी हिला आल्याबरोबर वास आला.

आता खरं लिहितो. ताई निवडून यावी असं मनापासून वाटतं. पोरगी चांगली आहे. काल सुतारकाकांच्या गुडघ्यांना पट्टी बांधून आली, न सांगता. चर्च बंद पडलं तर माझं आयुष्यच बंद पडल्यासारखं आहे. म्हणून ती यावीच. पण एकमताने? अगदी सगळ्यांनी? कुणालाच माझ्यासाठी पोटात तुटू नये? दोघांनी तरी नको म्हणावं. दोन पुरे. देवा, हे पान तू वाचू नकोस.

१२ ऑक्टोबर, रविवार

मतदान. आमच्याकडे ते बटणांनी होतं. पूर्वी बऱ्याच जणांना लिहिता येत नसे, तेव्हापासूनची पद्धत. शिंपीणबाई प्रत्येकाला दोन बटणं देतात, पांढरं म्हणजे हो, काळं म्हणजे नाही. एक पत्र्याच्या डब्यात टाकायचं, दुसरं गुपचूप त्यांच्या पिशवीत. हात कापडाखाली, कुणाला काही दिसत नाही.

मी घरी येरझारा घालत होतो. ही आली. चपला काढल्या, पदराने तोंड पुसलं.

"झालं?"

"झालं. सगळी पांढरी."

मी खुर्चीत बसलो. देवाचे आभार मानायला तोंड उघडलं, आणि पाणी मागितलं.

"एक सोडून," ती म्हणाली.

एक काळं! ताई निवडून आली, दार उघडं राहणार, आणि कुणीतरी एकाने, सगळ्यांविरुद्ध, माझ्यासाठी! अंगावर मूठभर मांस चढलं. कोण असेल गं? ही म्हणाली, "हात धुऊन या, वाढलंय."

दोन घास जास्तच जेवलो.

१४ ऑक्टोबर

सुतारकाका! दुसरं कोण असणार. आज ते नव्या लोकांसाठी या घराच्या खिडक्या दुरुस्त करायला आले होते. एक निघता निघेना. म्हणाले, "इतक्या वर्षांची आहे, अशी सहजासहजी सोडत नाही." आणि माझ्याकडे बघितलं. ओळखलं मी! करवतीसारखं बोलणाऱ्या माणसाचं काळीज हे असं असतं. माझी चांगली छत्री, मुलीने दिलेली, त्यांना भेट दिली. त्यांनी आकाशाकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं, आणि घेऊन गेले.

१७ ऑक्टोबर

छत्री गेली. सुतारकाकांनी स्वतःहून सांगितलं, "मी पांढरं टाकलं बरं का. बाईनं स्पीकर दुरुस्त करून आणला." परत मागणार कशी?

मग हेडमास्तर असतील का? छे, घड्याळ बघणारा माणूस तो. शेवटी शिंपीणबाईंच्या दुकानात गेलो. शर्टाची बाही उसवल्याचं निमित्त, आडून आडून विचारलं. त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. पण पाळकसाहेब, ते बटण तुमच्यासाठीच होतं हे कशावरून?"

मग कुणासाठी असणार? साध्या मनाच्या आहेत बिचाऱ्या.

२६ ऑक्टोबर, रविवार

शेवटची भक्ती. ताईने मला बोलावून घेतलं, निरोपाचं बोला म्हणाली. चर्च भरलेलं. या वेळी रडले हो! सुतारकाका नाक शिंकरत होते, रागारागाने. मी किल्ल्या ताईच्या हातात दिल्या तेव्हा तिने माझा हात तसाच धरून ठेवला.

मी सगळ्यांचे आभार मानले. नावं घेऊन, कामं सांगून. कुणी छप्पर शाकारलं, कुणी आजाऱ्याजवळ रात्र काढली. न राहवून म्हटलं, ज्याने ते काळं बटण टाकलं त्याचेही आभार, तो कोण हे मला कळलं नाही, पण त्याचं प्रेम पोचलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. ऑर्गनवर ही गीताचं पान उलटत होती.

खाली बसलो तर शिंपीणबाई बाकावरून म्हणाल्या, "आणि पाळकीणबाई?"

"ती काय, घरचीच!" मी म्हटलं. सगळे हसले.

शेवटच्या गीतात ऑर्गन एका जागी थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला. जुना झालाय तोही.

२७ ऑक्टोबर

ट्रक उद्या. खोकी बांधत होतो. सहज विचारलं, तुला काय वाटतं, ते काळं बटण कुणी टाकलं असेल?

"मी," ही म्हणाली.

डोळे भरून आले माझे. इतकी वर्षं संसार केला आणि कळलं नाही! हात धरायला गेलो.

"तुमच्यासाठी नाही हो," ती म्हणाली. सुतळीला गाठ मारत होती. "ताई चांगलीच आहे. एका बटणानं काही अडणार नाही, हे ठाऊक होतं मला. तुम्ही घरोघर जाऊन विचारलंत सगळ्यांना. मला जायचंय का, हे फक्त त्या डब्यानं विचारलं."