चूल घरात आणण्याविषयी

४ मे
चूल आली. ओतीव लोखंड, वर सहा झाकणं, बाजूला पाण्याची तांब्याची टाकी, पुढच्या दारावर निकेलचा हंस. बंदरावरच्या बंद पडलेल्या खानावळीतली. मेव्हण्याच्या, आर्नोल्दोच्या गाडीतून सुट्या भागांत आणून शेडमध्ये ठेवली. गंज आहे, पण वरवरचा. आत्मा शाबूत.
घरातली पत्र्याची चूल आर्नोल्दोला देऊन टाकली. क्लोरिंदा म्हणाली, आधी ही पेटू दे, मग ती दे. बायकोला दूरचं दिसत नाही. आर्नोल्दो पत्र्याची चूल लगेच घेऊन गेला. एवढ्या लगेच तो काहीच करत नाही.

५ मे
मुलीचा, नायादेतचा, फोन. २३ जूनला, सान हुआनच्या सणाच्या संध्याकाळी येते. बाळाला घेऊन. आमचा हिवाळा जूनपासून, तो सगळा राहणार. नातीला मी अजून फोनच्या काचेतच पाहिलं आहे. मात्र आईला म्हणाली, घर गरम असेल तरच हं, नाहीतर मी सरळ सासूबाईंकडे जाईन. विहीणबाईंकडे, म्हणजे उबेरलिंदांकडे, नवा हीटर आहे. बटण दाबलं की ऊब. त्यात कसलं कर्तृत्व.
प्लॅन: मे अखेर चूल तयार. जूनभर तिच्यापुढे पाय पसरून बसणे.

७ मे
सगळे भाग शेडमध्ये जमिनीवर मांडले. कोणता कुठे बसतो ते लक्षात आहे. लिहून ठेवण्याची गरज नाही.

८ मे, सकाळ
आर्नोल्दो धापा टाकत आला. धुरांड्यातून धूर नाही, तेव्हा आत कोणी मेलं असणार असा त्याचा हिशेब. चूल त्यानेच नेली हे विसरला. म्हणाला, दाजी, आहात होय? मी बायकोला काळा कोट काढून ठेवायला सांगून आलो. मी म्हटलं, काम चालू आहे. तो म्हणाला, कोटाला इस्त्रीच करून ठेवतो मग.
दुपारपर्यंत आणखी दोन घरांतून माणसं डोकावून गेली. एकीने सांत्वनाचा पाव आणला होता. मला पाहून तिची निराशा झाली. पाव ठेवून घेतला.

१७ मे
आठवडाभर हंस घासला. आता त्यात तोंड दिसतं. क्लोरिंदा शेडमध्ये आली. विचारलं, लाकडं ज्या जाळीवर जळतात ती कुठे आहे? जाळी नाही. बहुधा खानावळीतच राहिली. मी समजावलं, जाळी आत असते, ती कोण बघतं? हंस दिसतो. ती म्हणाली, मग बाळाला हंसावर ठेवू.
जाळी लोहाराकडे सांगितली.

२३ मे
क्लोरिंदा स्वयंपाक आर्नोल्दोकडे करते. आमच्याच चुलीवर. सकाळी जाते, अंधार पडल्यावर येते, गाल लाल. माझ्यासाठी झाकून आणलेलं वाटेत गार होतं. थंड बटाटा चवीला अधिक प्रामाणिक असतो.
उद्यापासून पहाटे उठणे. व्यायाम. शेडमध्ये दिवसभर.

२४ मे
पाऊस. उठलो नाही.

३१ मे
प्लॅनमध्ये मे अखेर म्हणजे जूनची सुरुवात असाच अर्थ होता.

८ जून
चूल जोडली! सांध्यांत भट्टीचं सिमेंट भरलं. एकदा धरलं की दगड. पुन्हा सुटायचं नाव नाही. थोडे भाग उरले. त्या काळचे कारखानदार दिलदार होते.
शेडच्या छतातून धुराचा तात्पुरता नळ काढून पेटवली. धूर आधी सगळीकडून आला, मग बहुतेक करून नळातून. तासाभरात टाकीतलं पाणी कढत. मी अंगातला स्वेटर काढला. जूनमध्ये! मुद्दाम बाहेर जाऊन रस्त्यावरून तसाच फिरून आलो. कोणी काही विचारलं नाही.

९ जून
शेडचं दार अरुंद आहे.
क्लोरिंदा म्हणाली, मोजलं नव्हतंस? मोजलं होतं. स्वयंपाकघराचं. शेडचं दार कोणी मोजतं का? ती भांडली नाही. फोन घेऊन खिडकीशी गेली. मला ऐकू येईल अशा आवाजात विहीणबाईंना म्हणाली, पाळणा तुमच्याकडेच मांडून ठेवा, उबेरलिंदा. आमच्याकडे चूल आहे पण ती वेगळी राहते.
ती भांडली असती तर बरं झालं असतं.

१० जून
निर्णय. मिंगा घालायची. गावाने हात द्यायचे, मी पोटं भरायची. आजवर गावाने मिंगा घालून अख्खी घरं बैलांनी ओढून हलवली आहेत, डोंगरावरून खाली, खाडीतून पलीकडे. चूल म्हणजे काय.
क्लोरिंदाने विचारलं, पंधरावीस माणसांना शिजवणार कशावर? अंगणात खड्डा खणून, तापल्या दगडांवर. शिंपले, डुकराचं मांस, बटाटे, वर पानं, वर माती. आजोबा काय चुलीवर शिजवत होते? ती म्हणाली, पाळणा राहू दे तिकडेच. पण मिठाचा डबा तिने बाहेर काढला.

२१ जून
मिंगा. धो धो पाऊस. खड्ड्यात पाणी. दगड तापेनात. तरी माणसं आली, बैलांच्या चार जोड्या आल्या, दारू आली. आर्नोल्दो काळा कोट घालूनच आला. म्हणाला, इस्त्री वाया जायला नको.
सगळे शेडमध्ये चुलीभोवती उभे राहून हात शेकू लागले. बराच वेळ कोणी हलायलाच तयार नाही. मग आर्नोल्दो म्हणाला, चूल बाहेर काढायची तर शेडची भिंत फोडा. पुढे बैलांनी ओढा. एक गचका बसला की लोखंडाला तडा. ओतीव लोखंड गचका खात नाही, दाजी.
कोणी तरी मागून म्हणालं, घर खातं.
 सगळ्यांनी आमच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. लाकडी आहे, घराला मागून जोडलेलं, फळ्या उचकटल्या की सुटं. आमच्या लोकांच्या हाती बैल आणि दारू असताना असं बघू नये. तरी, कल्पना मुळात माझी होती हे नोंदवून ठेवतो. मी फक्त बोललो नव्हतो.
दुपारनंतर ओंडक्यांवरून स्वयंपाकघर अंगण ओलांडून गेलं. क्लोरिंदा आत बसून राहिली. कपबशा सांभाळायला, असं म्हणाली. खिडकीतून हात हलवत होती. एकही कप फुटला नाही. स्वयंपाकघर शेडला अगदी चिकटवलं, मधल्या फळ्या काढल्या, पक्कं धुरांडं बसवलं. चूल जागची हलली नाही.
जेवण शेवटी तिच्यावरच झालं. खड्ड्यातलं काढून क्लोरिंदाने सगळं पातेल्यांत घातलं. माणसं बोटं चाटत होती. मी भाषण केलं. बैल हंबरले.

२२ जून
थोडं काम बाकी. स्वयंपाकघर होतं तिथे आता घराला भिंत नाही. ताडपत्री लावली. हवा खेळती राहते. घर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये अंगण आहे, म्हणजे चिखल. तोही मोकळेपणाच.
क्लोरिंदाने खाटा तिकडे नेल्या. विहीणबाईंना फोन करून म्हणाली, पाळणा इकडे घेऊन या. मी दुसऱ्या खोलीत जाऊन जरा खोकलो. डोळ्यांत धूर गेला होता, चूल अंगणापार असली तरी.

२३ जून, संध्याकाळ
आल्या! नायादेत चिखलात उभी राहून म्हणाली, पप्पा, स्वयंपाकघर चालत गेलं? मी म्हटलं, तुला गरम पाहिजे होतं ना. आत गेल्यावर तिने कोट काढला, मग टोपी, मग बाळाचं एकेक आवरण. आतून नात निघाली. केवढीशी. तिने हंसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हंस पसंत केला.
विहीणबाई पाळणा घेऊन आल्या होत्या. चुलीपाशी बसल्या. म्हणाल्या, हीटरने माझी कातडी सुकते हो, ही ऊब वेगळीच. क्लोरिंदा म्हणाली, राहा की मग चार दिवस. त्या बॅग भरून गाडीत घेऊनच आल्या होत्या.
त्यांना माझी खाट दिली.

२६ जून
मी घरात. घर राखायला कोणी तरी हवं. शिवाय माझ्या घोरण्याने बाळ दचकतं असं त्या तिघींचं मत पडलं. ताडपत्री रात्रभर फडफडते. तिचं घोरणं मात्र सगळ्यांना चालतं.
अंगावर सगळे कपडे. तब्येत उत्तम.

२९ जून, दुपार
पावसाने अंगणात तळं झालं. गुडघाभर चिखलातून गेलो. आतून हसण्याचा आवाज, कांद्याचा वास, नातीचं हुंकारणं. माझ्या चुलीची ऊब दाराच्या फटीतून हाताला लागत होती. दार ठोठावलं. विहीणबाईंनी आतून विचारलं, कोण? मी म्हटलं, एलेउतेरिओ. त्या म्हणाल्या, जरा थांबा, दार उघडलं की गारठा आत येतो, बाळ आत्ताच झोपलंय.
थांबलो आहे. हे उभ्यानेच लिहितो.