चष्मा लावलेला नवरा, चष्मा काढलेला नवरा

सोमवार, ३ मार्च
परत पडला! स्वयंपाकघराच्या दारात मुद्दाम स्टूल आडवं ठेवतो आणि त्यालाच अडखळतो. आज हातातल्या पातेल्यासकट. वर म्हणतो, ‘अगं, तालीम आहे!’

तीस वर्षं सिनेमात दार उघडणारा नोकर झाला. आता कुठे मुख्य भूमिका मिळालीय, म्हणून मी गप्प बसते. एका माणसात दोन माणसं — चष्मा लावला की भित्रा कारकून, काढला की दांडगट. मधे नुसती आपटाआपटी. लोक म्हणे खो खो हसणार. मला तर एकदाही हसू आलं नाही. पातेल्याला पोचा आलाय.

गुरुवार, ६ मार्च
चष्मा काढून शेजारच्या काकांवर डाफरला. मग चष्मा लावून त्यांचीच हात जोडून माफी मागितली! काका मला म्हणाले, ‘वहिनी, यांना डॉक्टरांना दाखवा.’ काय बोलणार, कपाळ!

स्टूल माळ्यावर टाकलं. अर्ध्या तासात पुन्हा दारात.

शुक्रवार, ७ मार्च
भाजी आणतोस का विचारलं, तर म्हणे, ‘दुसऱ्याला सांग.’ जीव नकोसा केलाय या दोघांनी.

रविवार, ९ मार्च
काल संध्याकाळपासून चोवीस वेळा पडला. मोजलं मी. नुसता उच्छाद! शेवटी ओरडलेच — ‘वय काय तुझं? जरा तरी भान ठेव!’ एरवी लगेच चष्मा काढून अंगावर आला असता. आज मात्र स्टूल उचलून भिंतीला लावलं आणि बसला त्यावर.

बुधवार, १२ मार्च
नेहमीसारखा डबा घेऊन शूटिंगला गेला. अकराला दिग्दर्शकाच्या मदतनीस मुलीचा फोन. ‘काकू, तेवढा चष्मा पाठवून द्या ना. नव्या नटाला लागतोय.’

कोण नवा नट?

‘काकांनी सांगितलं नाही? शुक्रवारीच बदललं त्यांना. पडायच्या आधी हात टेकतात हो ते. मग हसू येत नाही कुणाला.’

चार दिवस डबा घेऊन कुठे जातोय हा? आणि मी त्याचं वय काढलं. लाज वाटली स्वतःची.

गुरुवार, १३ मार्च
चष्मा हरवला म्हणून कळवून टाकलं. तो यायच्या वेळी स्टूल मीच दारात आडवं ठेवलं. आला. स्टुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खिशातून चष्मा काढून लावला आणि पडला — आधी हात टेकूनच. मी पोट धरून हसले.