पांढऱ्या पत्र्याची पेटी

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझेही दात पडायला लागलेत, आणि आज तुमच्याशी बोलायला बसले आहे ते एका पत्र्याच्या पेटीबद्दल. दुसऱ्या कुणाजवळ हा विषय काढला तर म्हणतील, म्हातारीला काय सुचतंय बघा! पण तुम्ही ओतारी माणूस, तुम्हाला पेटी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तुम्ही असताना मला अक्षर येत नव्हतं. नंतर भाचीच्या पाटीवर शिकले, तेव्हा चुका असतील त्या पोटात घाला.

नवरा वारला आणि मी सिंधीपुऱ्यात तुमच्या दारात परत आले, तेव्हा चार बायका मला मिठी मारून रडायला जमल्या होत्या. तुम्ही त्यांना चहा देऊन वाटेला लावलंत आणि तिसऱ्या दिवशी माझ्या हातात मेणाचा गोळा दिलात. त्याबद्दल तुमचे पाय धरायला हवे होते, पण आपल्या घरात कुठं असली रीत! हळूहळू पेट्या बांधायचं काम माझ्याकडे आलं. मेणाची घंटा, तिच्यावर मातीचे थर, आणि तो जड साचा भट्टीत उलू नये म्हणून बाहेरून लोखंडी पत्र्याची पेटी. भट्टीत मेण जळून जायचं, माती भाजून घट्ट व्हायची, मग त्या पोकळीत पितळ ओतायचं. तुम्ही ओट्यावर बसून मला एकेक गोष्ट बजावायचात. डाग देऊन जोडू नको, पहिल्या धगीला कथील वितळतं. पितळेचा रिव्हेट नको, तो मऊ पडतो. नटबोल्ट तर नकोच, तापला की असा धरून बसतो की सोडवताना साचा फुटतो. पत्र्याला खाचा पाड आणि लोखंडी पाचर ठोक, काम झालं की हातोडीचा एक ठोका पुरतो. आणि पत्रा काळा आण, जुना असला तरी चालेल. काळाच का, ते तुम्ही कधी बोलला नाहीत. तुमच्या काळात दुसरा मिळतच नव्हता म्हणून असेल.

इच्छापूरच्या देवीला घंटा वाहायची म्हणून ते शेतकरी आले होते ना, त्या दिवशी माझ्या पेटीच्या कोपऱ्यातून ओली माती गळली. तुम्ही त्यांच्यादेखत म्हणालात, "हिचा हात कच्चा आहे अजून. ह्या कामाला गडीच पाहिजे." आबा, माझ्या अंगाची लाही लाही झाली. तुम्ही गडी ठेवला असता तर मी काय करणार होते? पुन्हा सासरी, त्या दिरांच्या चुलीपुढे? त्याच तिरमिरीत मी चौकात पत्रा आणायला गेले. दुकानदारानं नवा पांढरा पत्रा पुढं केला. "जस्ते का पानी चढ़ा है बाई, जंग नहीं लगेगा." जस्ताला मी कशाला भिते? तांब्यात जस्त घालून पितळ करणाऱ्याची मी लेक. घेतला.

तुमच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकला होता. तुम्ही पत्र्यावर हात फिरवलात. "लई गुळगुळीत आहे ग. काळाच ना?" मी म्हणाले, "नवा आहे." एवढंच म्हणाले. मग तीन दिवस खपून पेटी बांधली. कोपरे असे बसले की सुई शिरणार नाही. तुम्ही सगळ्या कडांवरून बोट नेलंत, पाचरी हलवून पाहिल्यात आणि म्हणालात, "पक्कं. आता गडी नको." मी परसात जाऊन पोटभर रडले.

भट्टी पेटवली ती चैत्रातल्या दुपारी. तापीकडून धुळीचा वारा सुटला होता म्हणून छपराला चारी बाजूंनी तरट बांधलं होतं. भात्यावर शेजारचे चाचा, आणि भट्टीच्या तोंडाशी तुम्ही, मेणाचा वास घेत बसलेले. साचा लाल होत आला आणि पेटीच्या कडांतून पांढरा धूर निघायला लागला. दाट. त्याची कापसासारखी पिसं छपराखाली तरंगताहेत, तुमच्या मिशांवर बसताहेत. चाचा खोकत म्हणतात, "बेटी, बहुत धुआँ है." आणि तुम्ही हसता, "पितळ म्हटलं की धूर आलाच. गूळ दे ग दोघांना." आपल्या घरात जन्मभर हेच चाललेलं, पांढरा धूर निघाला की गूळ खायचा आणि कामाला लागायचं. तुम्हाला वाटलं मी पितळ वितळवायची मूस चढवली. मूस तर कोपऱ्यात होती, आबा. पितळेचे तुकडेसुद्धा अजून तिच्यात टाकले नव्हते. मी ते पाहिलं आणि धूर कशाचा ते मला कळलं, पत्र्यावरचं जस्त जळत होतं. तोंड उघडलं असतं तर तुम्ही भट्टी विझवून पेटी उपसली असती आणि शेतकऱ्यांपुढे पुन्हा माझा हात कच्चा ठरला असता. मी आत जाऊन गूळ आणला. चाचा वारा खायला बाहेर गेले, तुम्ही काही हलला नाहीत.

संध्याकाळी तुम्हाला हुडहुडी भरली. वैद्यबुवा म्हणाले, छातीचं दुखणं जुनंच आहे, धुरानं वाढलं. दूध झालं, काढे झाले. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही मला जवळ बोलावलंत. श्वास पुरत नव्हता. "त्या दिवशी... मूस चढवली होती ना ग तू?"

मी म्हणाले, "हो आबा."

"मग ठीक," म्हणालात आणि भिंतीकडे वळलात. त्यानंतर दुपारपर्यंतच होतात.

घंटा चांगली उतरली. कामही माझ्याकडेच राहिलं, हात चालत होते तोवर मी ते केलं. लोक म्हणायचे, बापाचा हात लेकीत आला. मी ऐकून घ्यायचे. हा कागद कुणाच्या हाती द्यायचा नाही, वाचून झाला की चुलीत घालीन. जाणाऱ्या माणसाच्या जिवाला घोर नको म्हणून मी हो म्हणाले, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. तुम्ही गडी ठेवायला सांगून जाल, याची मला भीती वाटली.