घरी कोण राहिलंय?

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या शेवटच्या वयाच्या पुढं आता मी आलोय. तरी तुम्हाला लिहायला बसलो की पाठ आपोआप ताठ होते. हा कागद हॉटेलातला आहे. खोलीतल्या टेबलावर पेनासकट ठेवलेला होता, कुणाला न विचारता घेतला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहायचं आहे ते न विचारता घेण्याबद्दलच आहे.

आम्ही तुळजापूरला आहोत. धाराशिवहून तासाभराच्या आत येणारं गाव, तिथं हॉटेलात उतरायचं काय कारण, असं तुम्ही म्हणाला असता. मीही म्हणालो. पण पोरगा पुण्याहून बायकामुलांना घेऊन आला, म्हणाला, "बाबा, दोन दिवस सगळे एका ठिकाणी राहू, आईला दगदग नको." सकाळचा नाश्ता खोलीच्या भाड्यात धरलेला असतो. खालच्या हॉलमध्ये लांब टेबलावर झाकणाची भांडी मांडून ठेवतात. ज्यानं त्यानं ताट घ्यायचं, फिरायचं आणि आपल्या हातानं हवं तेवढं वाढून घ्यायचं. वाढपी नाही, आग्रह नाही, पंगत नाही. घरधनी कोण ते कळत नाही, त्यामुळं आपण पाहुणे आहोत की कोण, तेही कळत नाही.

काल पहाटेच पोरगा, सून आणि नातवंडं अभिषेकाला गेली. हिला, तुमच्या सुनेला, गुडघ्यामुळं पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून ती खोलीत राहिली आणि तिच्या सोबतीला मी. तिला साखरेचा आजार आहे. रोज सकाळी तिच्या पोटाला इन्सुलिनची सुई मीच देतो. सुई दिली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम खाली जाते आणि माणूस हातचं जातं, हे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलेलं आहे. काल सुई दिली आणि तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्या हातात ठेवला. "दोन इडल्या आणा. चटणी नको. आन् येळ लावू नका, कविता आठवत बसताल कुठंतरी." मी हसत खाली गेलो.

हॉलच्या दारावर पाटी होती. नाश्ता इथंच करावा, अन्नपदार्थ बाहेर नेऊ नयेत. पाटी वाचली आणि माझा हात आपोआप शालीखाली गेला, डब्यासकट. माझ्या पुढं एक तरुण जोडपं होतं. बाईनं चार केळी आणि उकडलेली अंडी कागदी रुमालात गुंडाळून सरळ पर्समध्ये टाकली. नवरा कुजबुजला, "अगं, बघतेत ना लोक." ती म्हणाली, "बघू दे की. गाडीत पोरं रडायला लागली की लोक येणारेत का गप करायला?" आणि पर्सची चेन ओढली. मी थक्क होऊन बघत राहिलो. अण्णा, मला त्या बाईचा राग आला नाही. मला भीती वाटली की तुम्ही मागं कुठंतरी उभे आहात आणि तुमची नजर तिच्यावर नाही, माझ्या शालीवर आहे.

तुम्हाला आठवतं का, अणदूरचं ते लग्न. पंचक्रोशीत कुणाकडंही कार्य असलं तरी पंगतीवर नजर ठेवायला तुम्हालाच बोलावणं यायचं. खांद्यावर उपरणं टाकून तुम्ही पंगतीच्या टोकाला उभे राहायचा, आणि जेवणं उरकत आली, लोक उठायच्या बेतात आले, की एकेकापुढं वाकून विचारायचा, "घरी कोण राहिलंय?" कुणाची म्हातारी आई, कुणाचा तापानं पडलेला पोरगा, कुणी राखणीला शेतात. त्या प्रत्येकासाठी ताट वाढलं जायचं, वर पत्रावळ झाकून घरी पोचतं व्हायचं. जेवणाऱ्यानं आपण होऊन काही उचलायचं नाही आणि मागायचं तर मुळीच नाही. विचारणं हे घरधन्याचं काम. मी त्या पंगतीत श्लोकाऐवजी शाळेच्या पुस्तकातली पाखरांची कविता म्हणायचो. लोक हसायचे, आणि तुम्ही म्हणायचा, "म्हणू द्या त्याला, चाल बरी हाय."

त्या लग्नात मात्र तुम्ही कारभारी नव्हता, आपण नुसते पाहुणे होतो. आई घरी बाळंतीण होती, धाकटीला आठवडा झालेला. मी दोन बुंदीचे लाडू खिशात टाकले. तूप सदऱ्यातून बाहेर आलं आणि तुम्हाला दिसलं. तुम्ही ओरडला नाहीत. सगळ्या पंगतीसमोर हळू आवाजात म्हणालात, "काढ ते. पानात ठेव." मी ठेवले. "ज्याचं घर हाय त्याला इचारू दे. आपण चोर न्हाय." आणि मग आपण दोघं वाट बघत बसलो. पण त्या घरधन्याच्या मांडवात मानपानावरून रुसवाफुगवी चालली होती, त्याला आपली आठवण कुठून राहणार. पंगत उठली. कुणीच विचारलं नाही. तुम्ही हात धुतलेत, उपरणं झटकलंत आणि माळावरून घरी निघालात. तुमच्या मागून मी, उन्हात, खिसा तुपानं पोटाला चिकटलेला. घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय काय व्हतं?" तुम्ही बाजेवर बसून सगळं जेवण तिला सांगितलंत, वांग्याच्या भाजीपासून बुंदीपर्यंत, काही न गाळता. ती ऐकत होती. मग तिनं मला जवळ घेतलं, माझा उजवा हात नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. पुष्कळ वर्षं मला वाटायचं, ती माझे लाड करत होती.

काल मी टेबलापाशी उभा राहिलो तो असा, तुमचा मुलगा म्हणून. टोपी घातलेला एक वाढप्यासारखा माणूस म्हणाला, "घ्या ना काका, लाजता काय?" त्यानंच ताट माझ्या हातात दिलं आणि दोन इडल्या वाढल्या. मला वाटलं, हा आता विचारेल. त्यानं नाही विचारलं. शालीखाली डबा गार लागत होता. मग मी काय केलं ते लिहायला मला लाज वाटते. मी खिडकीपाशी बसलो आणि जेवलो. तुम्ही पंगत उठताना विचारायचा ना, म्हणून हेही शेवटीच विचारतील असं कुठंतरी डोक्यात घट्ट बसलेलं होतं. बाहेर तारेवर चिमण्या ओळीनं बसल्या होत्या, जशी काही त्यांचीच पंगत. मला पाखरांची कविता आठवली. तिसऱ्या कडव्यातला एक शब्द सापडेना, तो मी शोधत बसलो. चहा घेतला. अजून कुणीतरी येईल, वाकेल, विचारेल, असं वाटून ताटाशी बसून राहिलो. शेवटी एक माणूस आला. मी मान वर केली. तो म्हणाला, "झालं का काका?" आणि ताट उचलून घेऊन गेला. तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडं लक्ष गेलं. सुई देऊन तास उलटून गेला होता.

लिफ्टची वाट न बघता मी जिने चढलो. खोलीचं दार उघडं होतं. ती पलंगाच्या कडेला बसलेली, घामानं डबडबलेली, ओठ पांढरे, आणि हातानं चादरीवर काहीतरी वेचत होती, तीळ निवडावेत तसं. मी नाव घेऊन हाक मारली तर तिनं माझ्याकडं परक्यासारखं पाहिलं. तिच्या शेजारी खोल्या झाडणारी बाई गुडघ्यावर बसली होती. तिनं एप्रनच्या खिशातून मुरंब्याची इवलीशी प्लास्टिकची डबी काढून दातानं फोडली होती आणि बोटानं हिच्या गालाच्या आतून लावत होती. "गिळा आजी. गिळा. अजून एक बोट." मग दुसरी डबी. मग मधाची पुडी. माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "माझ्या सासूला असंच व्हतंय. दारातनं बगितलं आन् कळलं मला. तुमी कुठं व्हता?"

मी डबा पुढं केला. तो रिकामा होता, हे तिनं झाकण उघडून पाहिलं आणि माझ्याकडं असं बघितलं की अण्णा, त्या मांडवात तुम्हीसुद्धा तसं बघितलं नव्हतं.

हळूहळू हिचे डोळे जागेवर आले. पाणी मागितलं. ती बाई उठली, रिकाम्या डब्या गोळा करून परत खिशात घातल्या आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काका, एक करा. खाली सांगू नका. सकाळी टेबलावर उरलेलं आमी उचलायचं न्हाय, असा नियम हाय. घरी पोरीसाठी न्हेत व्हते. कळलं तर उद्यापासनं येऊ नको म्हणतेल." मी दोन्ही हात जोडले. जिथं पंगत नव्हती, घरधनी नव्हता, तिथं घरी कोण राहिलंय हे तिला एकटीला माहीत होतं, आणि तिनं ते न विचारता उचललं होतं.

पोरगा दुपारी आला. झाल्या प्रकारानं त्याचा चेहरा उतरला. "मग गोड काय दिलं तिला? कुठून आणलं?" त्या बाईचं नाव काढायचं नव्हतं. मी म्हणालो, "खालनं मुरंबा आणला होता मी." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं बाबा, तुम्ही वेळेवर होता." हिनं उशीवरून माझ्याकडं पाहिलं. पोरगा बाहेर गेल्यावर म्हणाली, "तिचं सांगितलं न्हाय ते बरं केलं." थोड्या वेळानं म्हणाली, "इडली मऊ होती का?" मी हो म्हणालो. "चटणी?" मी सांगायला लागलो, खोबऱ्याची होती, वरून फोडणी, आणि मध्येच थांबलो. अण्णा, मला आपलं घर दिसलं. बाजेवर बसून तुम्ही वांग्याची भाजी सांगताय आणि आई ऐकतेय. तिनं माझा हात नाकाशी का धरून ठेवला होता, ते मला काल दुपारी कळलं. तिला भूक लागली होती. ओली बाळंतीण, दिवसभर भाकरीच्या तुकड्यावर, आणि तिचा नवरा तिला सांगतोय की तो चोर नाही.

तुमचं सगळंच चूक होतं असं मी म्हणत नाही. तुम्ही ज्या पंगतीच्या टोकाला उभे राहिलात, त्या पंगतीतला एकही घरी राहिलेला माणूस उपाशी झोपला नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी तुम्ही टोकाला नव्हता, आणि विचारणारं कुणी नव्हतं. अशा वेळी काय करायचं, हे तुम्ही मला सांगितलंच नाही. तुम्हालाही ते माहीत नव्हतं, असं आता वाटतं. बैलबंडीत, बाजारात, देवळाच्या पायरीवर, पुन्हा कधी एकदा तरी हा विषय निघेल म्हणून मी वाट बघायचो. तुम्ही कधी काढला नाहीत. मीही नाही.

आज सकाळी सुई द्यायच्या आधीच मी खाली गेलो. डबा शालीबाहेर, उजव्या हातात, झाकण उघडं. चार इडल्या घेतल्या, चटणी वेगळ्या वाटीत, एक केळं, आणि मुरंब्याच्या दोन डब्या. त्या दोन डब्या हिच्यासाठी नव्हत्या. वर आल्यावर जिन्याजवळ ती बाई झाडत होती, तिच्या हातात दिल्या. तिनं इकडंतिकडं बघून खिशात घातल्या. त्याआधी खाली डबा भरताना तो टोपीवाला माझ्याकडं बघत होता. पाटी होती तिथंच होती. म्हातारा माणूस पोलिसाला चुकवत चालावा तसा मी हॉलच्या दारापर्यंत आलो.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. घडी घालून डब्यात ठेवीन, घरी गेल्यावर ती डबा घासेल तेव्हा सापडेल तिला, किंवा त्याआधी मीच काढून घेईन. एवढं एक मात्र लिहून ठेवतो. दारातून बाहेर पडायच्या आधी मी मागं वळून हॉलच्या टोकाला पाहिलं, उपरणं खांद्यावर टाकून तुम्ही उभे आहात का ते बघायला. तिथं फक्त चहाची किटली होती. तुम्ही नव्हता, अण्णा, आणि मला बरं वाटलं.