शनिवारचा घाणा

अश्केलोन, १९६३

चि. हसकेल यास, थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

घाणा विकून इकडे येऊ काय, असं तू विचारलंस, तेव्हापासून माझी झोप गेली. बैल तर विकला नाहीस ना? घाई करू नको.

काल सूनबाई एव्हलिननं मला समुद्राकाठची जुनी नगरी दाखवली. पडलेले खांब, वाळूत बुडालेल्या भिंती. एका ठिकाणी तेल गाळायचं मोठं दगडी चाक होतं. एव्हलिन हसली, "पप्पा, इथंपण तुमचा घाणा! आता बैल कुठनं आणायचा?" लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. मी दगडावर हात फिरवला आणि हाताचा वास घेतला. नुसती वाळू.

हसकेल, आपल्या झिराडला आपल्याला शनिवार तेली म्हणतात. शब्बाथला, आपल्या यहुद्यांच्या विश्रांतीच्या शनिवारी, घाणा थांबतो, एवढ्यावरच आपण कोण हे गावानं पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं. तू इकडे आलास तर त्या घाण्याचीही अशीच गत होईल.

पण एलियाहू हन्नबीच्या नावानं प्रसादाच्या मालिद्याचे गोड पोहे कालवताना समोर तू असावास, असं फार वाटतं. नातवंडं माझ्या मराठीला हिब्रूत उत्तर देतात. "ये" असं लिहितो आणि खोडतो.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. हे वाचलंस तर तू लगेच निघशील. दुसऱ्या कागदावर एवढंच लिहून धाडतो: शनिवारी घाणा थांबव आणि रविवारी बैल जुंप.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
शलोम झिराडकर